कोण कोणाला पोसतं?

लग्न करून बायकोला (किंवा नवऱ्याला) परदेशी न्यायचं म्हटलं की आधी फाइल तयार करावी लागते. टॅक्स रिटर्न, सहा महिन्यांच्या पे-स्लिप, बँक स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, घराचे कागद, सीएचा शिक्का. सप्तपदी सात पावलांत उरकते, ही फाइल मात्र शंभर पानं झाली तरी एखादा कागद कमी पडतोच.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे काम मख्खपणे केलंय. स्कॅन करा, पीडीएफ बनवा, अपलोड करा, विषय संपला. पण एवढ्या सगळ्या कागदांतून सरकार शेवटी एकच प्रश्न विचारत असतं, तो म्हणजे 'हा माणूस हिला पोसू शकेल का?' या प्रश्नाला बराच मोठा इतिहास आहे, आणि मला तो आमच्या घोडपदेवपासूनच सांगायला आवडेल. कारण बायकोला आणायचं की नाही हे पगारावरून ठरवण्याची पद्धत आमच्याकडे कुठल्याही व्हिसाच्या आधीपासून होती. फक्त तेव्हा 'परदेश' म्हणजे मुंबई होती :-)

ज्यांना घोडपदेव कुठे हे माहीत नाही त्यांच्यासाठी: भायखळा आणि कॉटन ग्रीनच्या मधला हा भाग. एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला गिरण्या. गिरण्यांत आणि गोदीत कामाला आलेली माणसं कोकणातली आणि घाटावरची. त्यातली बरीच एकटी आली. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष, एक पाळी कामावर आणि दुसरी झोपलेली, वळकट्या भिंतीला टेकवलेल्या. बायको-पोरं गावाला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धी गोष्ट कळते. कुठल्याही वकिलातीने या जोडप्यांना अडवलं नव्हतं. खोलीचं भाडं आणि धान्याचा भाव, एवढ्यावरच त्यांचा अर्ज नामंजूर झाला होता.

आता गंमत बघा. या माणसांच्या कमाईचा आणि खर्चाचा हिशोब सरकारनेही केला होता. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न निघालं ५२ रुपयांच्या आसपास. बहुतेक सगळी कुटुंबं एका खोलीत राहणारी, आणि जवळजवळ निम्मी कर्जात. पण या अहवालातली सगळ्यात बोचरी नोंद धान्याची आहे. मुंबईचा कामगार दुष्काळ संहितेत ठरवलेल्या प्रमाणाइतकं धान्य खातो, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं ठरवून दिलंय त्यापेक्षा कमी. म्हणजे गिरणीत राबणाऱ्यापेक्षा आर्थर रोडला बसलेल्याचं ताट भरलेलं! कुटुंब जगवायला किती लागतं हे सरकारला चांगलं ठाऊक होतं. पगार काही त्या हिशोबाने ठरत नव्हता.

आता समुद्र ओलांडू. 'पोसू शकेल का' हा प्रश्न अमेरिकेने कायद्यात लिहिला ऑगस्ट १८८२ मध्ये. जो स्वतःचा सांभाळ करू शकणार नाही आणि सार्वजनिक पैशावर भार होईल त्याला बंदरावरूनच परत पाठवायचं, असं कलम आलं. जोडीला येणाऱ्या प्रत्येकावर माणशी ५० सेंट कर. याच कलमाला आजही 'पब्लिक चार्ज' म्हणतात आणि आपली सगळी फाइल त्याच्याच पोटी जन्मलेली आहे.

हा कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा एक मराठी विवाहित बाई न्यूयॉर्कला उतरली. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला पोचल्या. नवरा, गोपाळराव, पोस्टातली नोकरी धरून मागे राहिलेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटरशी आनंदीबाईंची पत्रमैत्री होती आणि त्याच भरवशावर त्या त्यांच्या घरी गेल्या. आजच्या भाषेत कार्पेंटरबाई स्पॉन्सर. फरक इतकाच, की एकमेकींना लिहिलेली पत्रं हीच काय ती कागदपत्रं होती. शिवाय इथे बायको पुढे आणि नवरा मागे. आजचा फॉर्म भरताना गोपाळरावांना 'डिपेन्डन्ट' लिहावं लागलं असतं, आणि त्यांचा एकूण स्वभाव पाहता तो रकाना त्यांनी कसा भरला असता कोण जाणे!

पुढे कागद वाढत गेले. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून कामगार म्हणून जाणंच बंद झालं. १९३० च्या सप्टेंबरमध्ये, मंदीच्या काळात, अमेरिकन सरकारने आपल्या वकिलातींना 'भार होईल' हे कलम कडक लावायला सांगितलं. त्याचा मोठा फटका बसला तो नंतर जर्मनीतून जीव वाचवून पळू पाहणाऱ्या ज्यूंना. अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाने, कधी ओळखही नसलेल्या माणसाने, बँकेचं पत्र आणि टॅक्सची प्रत जोडून हमीपत्र द्यायचं, तरच दार उघडण्याची आशा. तेव्हा ही फाइल अक्षरशः जगण्या-मरण्याची होती.

आपल्यासाठी दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, वर्षाला शंभर माणसांपुरतं. १९६५ च्या कायद्यानंतर ते खऱ्या अर्थाने उघडलं. तेव्हाही हमीपत्र असायचंच, पण कोर्टांनी ते नैतिक वचनाच्या पलीकडे मानलं नव्हतं. हे बदललं १९९६ च्या कायद्याने. १९ डिसेंबर १९९७ पासून आय-८६४ नावाचा फॉर्म आला आणि वचनाचा करार झाला. स्पॉन्सरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या घराला वर्षाला साधारण २६,४३७ डॉलर. त्यातलं एक कलम नीट वाचा: ही जबाबदारी घटस्फोटानंतरही संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी एकजण जाईपर्यंत ती चालू राहते. लग्न मोडू शकतं, आय-८६४ मोडत नाही.

ही दारिद्र्यरेषा आली कुठून? १९६३-६४ मध्ये अमेरिकन सरकारच्या नोकरीत असलेल्या मॉली ओरशान्स्की या बाईंनी सगळ्यात स्वस्त आहाराचा खर्च काढला आणि त्याची तिप्पट केली. झाली रेषा. शिरासने घोडपदेव-परळच्या माणसांचं धान्य मोजलं, ओरशान्स्कीने अमेरिकन घरांचं. चाळीस वर्षं आणि अर्धं जग मध्ये, पण तागडी तीच.

ब्रिटनने तर थेट आकडाच ठरवून टाकला. ९ जुलै २०१२ पासून बाहेरून जोडीदार आणायचा तर तिथे राहणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंड हवं. ज्या कमाईनंतर जोडप्याला सरकारी मदत घ्यावी लागत नाही ती ही कमाई, असं त्यामागचं गणित. २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नियम तत्त्वतः कायम ठेवला, पण मुलांच्या हिताचा नीट विचार झालेला नाही असंही बजावलं. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा २९,००० पौंड झाला. पगार नसेल तर बचत दाखवा, ती ८८,५०० पौंड!

आता खरा मुद्दा. घोडपदेवमधली एखादी मुलगी घ्या. ऐरोलीला किंवा पवईला नोकरी, पगार व्यवस्थित, घरचा हप्ता तीच भरते. लग्न ठरलं इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाशी, जो तिथे गोदामात काम करतो आणि २९,००० च्या थोडा खाली आहे. हिने आपल्या पे-स्लिप जोडल्या तर? काही उपयोग नाही. मुंबईत बसून अर्ज करणाऱ्या जोडीदाराचा पगार त्या हिशोबात धरतच नाहीत. तिच्या नावावरची बचत चालते, तिची कमाई चालत नाही. अमेरिकेतही येणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न धरायचं तर तिथे गेल्यावरही ते त्याच ठिकाणाहून चालू राहणार हे दाखवावं लागतं. कामाच्या हक्काचंही तसंच. एच-वन नवऱ्यामागून गेलेल्या बायकांपैकी काहींना काम करायची परवानगी मिळायला मे २०१५ उजाडावा लागला. इंजिनिअर झालेल्या मुली तोवर घरी बसल्या होत्या.

कुणी म्हणेल, नियम बरोबरच आहे, इथली नोकरी सोडल्यावर तो पगार राहणार कुठे? तर्क ठीक आहे. पण इथे कमावणारी तिथेही कमावेल, ही शक्यता फॉर्ममध्ये बसतच नाही. एक पोसणारा आणि एक पोसली जाणारी असंच चित्र त्याच्या डोक्यात पक्कं आहे.

आणि हे चित्र गिरणगावात तरी कधी खरं होतं? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत. पुढच्या दशकांत हा वाटा घसरत गेला आणि 'गिरणी कामगार' म्हटलं की डोळ्यासमोर पुरुषच यायला लागला. बायकोला मागे ठेवून आलेल्या त्या एकट्या पुरुषांना जेवू कोण घालत होतं? खाणावळवाल्या. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाया. महिन्याच्या पगारापर्यंत उधारीवर खाऊ घालायचं, म्हणजे किराणा स्वतः सावकाराकडून व्याजाने पैसे घेऊन आणायचा. बँकेत जायचं तर यांच्याकडे कागद नाही, तारण नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवलं आणि हमी म्हणून गटातल्या बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. पे-स्लिप नसलेल्या बायकांनी एकमेकींना स्पॉन्सर केलं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि गावाला राहिलेल्या बायका? माझे आजोबा गिरणीत होते, आजी गावाला. आजोबांच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा एक गठ्ठा होता, प्रत्येकीवर आजीचा अंगठा. तो गठ्ठा बघून कोणीही म्हणेल, नवरा पैसे धाडायचा, बायको खायची. पण दर पावसाळ्यानंतर आजीने लावलेल्या भाताचे तांदूळ गोणीत भरून मुंबईला यायचे, सोबत कुळीथ. बाळंतपणं, पोरांची आजारपणं, म्हाताऱ्यांची सेवा सगळं तिच्या अंगावर. गिरणीमालकाला माणूस एवढ्या कमी पगारात परवडत होता, कारण त्याच्या कुटुंबाचा उरलेला खर्च शेतातल्या बाईच्या कष्टातून निघत होता. त्याची पावती कोणी फाडली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगार थांबला, तेव्हा कितीतरी कामगार गावाला परतले. ते कोणाच्या जिवावर? मुंबईत राहिलेल्यांच्या घरी बायका धुणीभांडी, शिवणकाम, पापड-लोणची करत होत्या. तेव्हा कुणी आय-८६४ भरायला सांगितला असता तर स्पॉन्सरच्या जागी कोणाचं नाव आलं असतं?

कागदाचा हा खेळ संपानंतरही चालूच राहिला. गिरण्यांच्या जमिनींवर म्हाडाने कामगारांसाठी घरं बांधली, आमच्याकडे न्यू हिंद मिलच्या जागेवरही. घर मिळवायला पुन्हा तेच, गिरणीत होता हे सिद्ध करा. पगाराची पावती, पीएफची नोंद, ईएसआयचं कार्ड. ज्याने कागद जपून ठेवला तो अर्ज करू शकला. खाणावळवालीकडे मात्र जपायला कागदच नव्हता. तिने आयुष्यभर गिरणी चालवणाऱ्या माणसांना जेवू घातलं, पण गिरणीच्या मस्टरवर तिचं नाव कधी चढलंच नाही.

असो. तुम्ही फाइल करत असाल तर नेमाने करा. नियम आहेत तोवर सहाच्या सहा पे-स्लिप लागणारच, आणि स्टेटमेंटवर पगार जमा झालेल्या तारखा जुळायलाच हव्यात. फक्त 'डिपेन्डन्ट' या रकान्यात बायकोचं नाव टाइप करताना तो शब्द मनावर घेऊ नका, आणि तिलाही घेऊ देऊ नका. तो शब्द फॉर्म लिहिणाऱ्याचा आहे. आपल्या घरात कोण कोणाला पोसत आलंय हे बघायचं असेल तर सुट्टीत गावी गेलात की आजीला विचारा. आकडे तोंडपाठ असतात तिच्या, तांदळाच्या गोणीसकट.