विषारी वायू, अनोळखी साथ, किरणोत्सर्ग: अशा संकटासाठी आरोग्य यंत्रणा नेमकी काय तयारी करते?

२० मार्च १९९५. सोमवारची सकाळ. टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी सरिन हे विषारी रसायन सोडलं. थोड्याच वेळात जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात लोक येऊ लागले. कुणी चालत, कुणी टॅक्सीने. दिवसभरात तिथे ६४० जण आले.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, डोकं दुखतंय, उलट्या होतायत, श्वास घेता येत नाही, एवढंच डॉक्टरांना दिसत होतं. हे अ‍ॅसिटोनायट्राइल नावाचं रसायन आहे, अशी सुरुवातीला माहिती आली. ती चुकीची होती. पोलिसांनी सरिनचं नाव जाहीर करेपर्यंत सकाळचे ११ वाजत आले होते.

तोपर्यंत रुग्णांना अंगावरच्या कपड्यांसह आत घेतलं गेलं होतं. कपड्यांत मुरलेल्या सरिनची वाफ होत राहिली आणि रुग्णालयाच्या १०० हून अधिक कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला.

अशा दिवशी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणं, त्याचा सराव करणं आणि त्यासाठी माणसं, औषधं, प्रयोगशाळा तयार ठेवणं हे सार्वजनिक आरोग्यातलं एक वेगळं काम आहे. ते कसं चालतं, भारतात कोण करतं आणि त्यात आपला संबंध कुठे येतो, ते पाहूया.

सीबीआरएन म्हणजे काय?

केमिकल, बायोलॉजिकल, रेडिओलॉजिकल आणि न्यूक्लिअर या चार शब्दांची आद्याक्षरं म्हणजे सीबीआरएन. म्हणजेच रासायनिक, जैविक, किरणोत्सारी आणि आण्विक आणीबाणी.

हे शब्द ऐकले की युद्ध किंवा दहशतवादी हल्ला आठवतो. पण यातल्या अनेक मोठ्या घटना कारखान्यातल्या गळतीतून, भंगारातून किंवा साध्या निष्काळजीपणातून घडल्या आहेत. भोपाळ हे त्याचं सर्वांत भीषण उदाहरण.

रुग्णालयाच्या दृष्टीने कारण कुठलंही असो, सुरुवातीचे प्रश्न तेच असतात. हे नेमकं काय आहे? रुग्णाला आत कसं घ्यायचं? औषध आहे का? आणि लोकांना काय सांगायचं?

पहिलं काम: ओळखणं

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. हजारो लोक हमीदिया रुग्णालयात पोहोचले. हा वायू शरीरात नेमकं काय करतो आणि त्यावर उपचार काय, याची पुरेशी माहिती डॉक्टरांकडे नव्हती. शहरात इतका घातक साठा होता आणि शहराचे डॉक्टर त्याबद्दल अंधारात होते.

किरणोत्सर्ग तर दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं रेडिओथेरपीचं यंत्र भंगारात गेलं. त्यातल्या सीझियम-१३७ च्या पावडरीतून अंधारात निळसर प्रकाश यायचा. कौतुकाने लोकांनी ती घरोघरी वाटली, अंगाला लावली. माणसं आजारी पडली तेव्हा डॉक्टरांना आधी वेगळेच आजार वाटले. हा किरणोत्सर्ग आहे हे कळायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. चौघांचा मृत्यू झाला.

भारतातही एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असंच घडलं. दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं उपकरण लिलावात विकलं गेलं होतं, त्यात कोबाल्ट-६० होतं. एका कामगाराचा जीव गेला.

जैविक संकटात भोंगाही वाजत नाही. पहिला इशारा मिळतो तो ओपीडीत. २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. पाच जण दगावले. पहिला रुग्ण फ्लोरिडात सापडला तो एका सावध डॉक्टरमुळे आणि राज्याच्या प्रयोगशाळेमुळे. अशा जंतूंच्या तपासणीसाठी अमेरिकेने १९९९ मध्ये प्रयोगशाळांचं एक जाळं उभारलं होतं. ते घटनेच्या दोन वर्षं आधी उभं होतं, म्हणून कामाला आलं.

दुसरं काम: रुग्णालयाचं दार

रसायन किंवा किरणोत्सारी धूळ अंगावर असलेल्या माणसाला थेट आत घेतलं, तर तोच धोका वॉर्डात पोहोचतो. म्हणून तयारी असलेल्या रुग्णालयात दाराबाहेरच जागा ठरलेली असते. तिथे कपडे काढून पिशवीत बंद करायचे, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवायचं, मग आत. नुसते कपडे काढल्यानेच अंगावरची बहुतांश घाण निघून जाते.

पण ऐकायला सोपं वाटलं तरी यात अडचणी खूप. स्त्रियांसाठी आडोसा हवा. थंडीत गरम पाणी हवं. धुतलेलं पाणी कुठे जाणार ते ठरलेलं हवं. सुरक्षा रक्षकाला, वॉर्डबॉयला, रुग्णवाहिकेच्या चालकाला हे सगळं माहीत हवं, कारण रुग्णाला पहिला हात त्यांचाच लागतो. मॉक ड्रिलमध्ये तपासतात ते हेच.

एक अपवाद महत्त्वाचा. किरणोत्सारी धूळ लागलेला रुग्ण गंभीर जखमी असेल, तर आधी त्याचा जीव वाचवायचा, धुणं नंतर.

तिसरं काम: औषधांचा साठा

सरिन हे ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं रसायन आहे. आपल्याकडची अनेक कीटकनाशकं याच गटातली. त्यामुळे उपचारही मिळतेजुळते: अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झाइम. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा विषबाधेचे रुग्ण दर हंगामात पाहणाऱ्या ग्रामीण डॉक्टरला सरिनची लक्षणं अनोळखी वाटणार नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन पुरेसं ठेवणं ही रोजची गरज आहे आणि मोठ्या संकटाची तयारीही.

टोकियोतही असाच जुना अनुभव कामी आला. जून १९९४ मध्ये जपानच्याच मात्सुमोतो शहरात सरिनचा हल्ला झाला होता. तिथे रुग्णांवर उपचार केलेल्या डॉक्टरांनी टोकियोतली बातमी पाहिली आणि फोन करून लक्षणं व उपचार कळवले.

सीझियम शरीरातून बाहेर काढायला प्रशियन ब्लू वापरतात. मुळात हा एक निळा रंग. प्लेग आणि अँथ्रॅक्सवर डॉक्सिसायक्लिनसारखी नेहमीची प्रतिजैविकं चालतात. अडचण असते ती साठ्याची. औषधांची मुदत संपते आणि घटना घडली नाही की साठा फेकला जातो. मग पुढच्या वर्षी त्यासाठी पैसे मागणं अवघड होतं. त्यामुळे रोज लागणारी औषधं जास्त प्रमाणात ठेवून फिरवत राहणं हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

चौथं काम: लोकांना खरं सांगणं

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरतेत न्यूमोनिक प्लेगची बातमी आली. देशभरात सुमारे ५० मृत्यू झाले, पण सुरतेतून काही दिवसांत लाखो लोक बाहेर पडले. टेट्रासायक्लिन बाजारातून गायब झालं. परदेशांनी विमानं थांबवली.

गोयानियात सुमारे १ लाख १२ हजार लोकांना स्टेडियममध्ये बोलावून तपासलं गेलं. प्रत्यक्ष दूषित निघाले २४९. बाकी सगळे घाबरलेले होते. त्यांची भीती खोटी नव्हती, पण त्यांना तपासायला, समजवायला वेगळी जागा आणि वेगळी माणसं लागतात. नाहीतर खरा रुग्ण रांगेत मागे राहतो.

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली, तेव्हा चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली. आयोडीनयुक्त मीठ किरणोत्सर्गापासून वाचवतं, अशी अफवा होती. हिशोब करून पाहा. मोठ्या माणसासाठीच्या गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड असतं, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन. एक किलो मिठात आयोडीन असतं साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीसाठी तीन किलोहून जास्त मीठ खावं लागेल. त्याआधीच माणूस मिठाने मरेल. शिवाय ती गोळी फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. सीझियमवर तिचा उपयोग नाही.

फुकुशिमाने आणखी एक धडा दिला. घाईघाईच्या स्थलांतरात आणि नंतरच्या हालअपेष्टांत त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसं दगावली. त्यात वृद्ध आणि आजारी लोक जास्त होते. कुणाला कधी हलवायचं आणि कुणाला जागेवरच ठेवायचं, हाही तयारीचा भाग आहे.

भारतात हे काम कोण करतं?

भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांसंबंधी नियम आले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं राहिलं. रासायनिक, जैविक आणि आण्विक आणीबाणीसाठी त्याची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्रत्यक्ष मदतीला एनडीआरएफ येतं. त्याची एक तुकडी पुण्याजवळ आहे.

साथींवर लक्ष ठेवण्यासाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. गावपातळीवरची आरोग्यसेविका, ओपीडी आणि प्रयोगशाळा यांच्या नोंदी त्यात जमा होतात. सर्वांत घातक विषाणूंची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होते. किरणोत्सर्गाच्या घटनांमध्ये मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुऊर्जा नियामक मंडळ यांची भूमिका महत्त्वाची असते.

या क्षेत्रात फक्त डॉक्टर नसतात. साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, किरणोत्सर्ग सुरक्षेचे भौतिकशास्त्रज्ञ, औषधसाठा सांभाळणारे, परिचारिका, अग्निशमन दल, लोकांशी बोलणारे अधिकारी असे सगळे लागतात. बहुतेक दिवस यादी तपासणं, प्रशिक्षण देणं, फोन नंबर अद्ययावत ठेवणं यातच जातात. काही घडलं नाही तर हे काम कुणाला दिसत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- वायुगळती झाली आणि तुम्ही बाहेर असाल, तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका. वाऱ्याला आडवं, म्हणजे काटकोनात दूर जा. नाकातोंडावर ओलं कापड धरा.
- घरात असाल आणि बाहेर पडण्याची सूचना नसेल, तर दारं-खिडक्या, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा.
- अंगावर रसायन पडलं असेल तर कपडे काढा, भरपूर पाण्याने धुवा. रुग्णालयाच्या गेटवरच काय झालं ते सांगा.
- मदतीसाठी ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.
- भंगारात जड धातूचा डबा किंवा तीन पात्यांचं पिवळं-काळं चिन्ह दिसलं तर हात लावू नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.
- आयोडीनच्या गोळ्या प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नका.
- 'सरकार लपवतंय' असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी जिल्हा प्रशासनाची अधिकृत सूचना शोधा.

तुम्ही तारापूर, ठाणे-बेलापूर, पाताळगंगा किंवा लोटे अशा औद्योगिक पट्ट्याजवळ राहत असाल, तर आणखी एक गोष्ट. १९८९ च्या नियमांनुसार मोठा धोका असलेल्या कारखान्याबाहेरच्या परिसरासाठी आपत्कालीन आराखडा असावा लागतो. धोक्याचं स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करायचं, ही माहिती आसपासच्या लोकांना देणंही बंधनकारक आहे. ती तुम्हाला मिळाली आहे का? नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. भोपाळच्या वस्त्यांमधल्या लोकांना त्या रात्रीआधी ही माहिती कुणी दिली नव्हती.