स्मिथ कॉलेज: मुलींसाठी गणिताची पदवी
अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्मिथ हे १८७१ साली स्थापन झालेले मुलींचे लिबरल आर्ट्स कॉलेज. चार वर्षांच्या पदवीत गणित मुख्य विषय घेता येतो. सुरुवातीला कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथ्स. पुढे मॉडर्न अल्जिब्रा, अॅनालिसिस. बारावीपर्यंत उत्तर काढायचं असतं; इथे ते खरं का, हे सिद्ध करायचं असतं. सोबत इतिहास, अरबी, संगणकशास्त्रही शिकता येतं. ‘अल्जिब्रा’ हा शब्दच मुळी अल-ख्वारिझमींच्या नवव्या शतकातल्या अरबी ग्रंथाच्या नावातून आलाय.

फी भरमसाट आहे. आर्थिक मदत गरजेनुसार मिळते, पण परदेशी मुलींना प्रवेश देताना ही गरजही विचारात घेतली जाते. निकालाची वाट पाहू नका. अर्ज बारावी सुरू असतानाच करावा लागतो.