गोविंदा, राम आणि गव्हर्नरसाहेब

गेल्या शनिवारी पहाटे वेताळ टेकडीवर गेलो होतो. फेब्रुवारी संपत आला की पुण्यात हे दोन-तीन आठवडे फार मजेचे असतात. सहाला स्वेटर लागतो आणि नऊला घाम फुटतो. काटेसावर लाल झालीय, गिरिपुष्पाला गुलाबी तुरे आलेत, तांबटाची ठोकठोक सुरू आहे आणि दयाळाचा रियाझ जोरात. हिवाळी पाहुणे अजून आहेत, पण बॅगा भरून. खाणीपाशी थिरथिरा शेपूट थरथरवत बसला होता. एक दिवस हा नसतो. कधी गेला ते कळत नाही, कारण "आज दिसला नाही" असं कोणी लिहून ठेवत नाही.

वर घार फिरत होती. आपल्या या रोजच्या घारीचं शास्त्रीय नाव मिल्वस मायग्रन्स गोविंदा. (सिनेमातल्या गोविंदाचा काही संबंध नाही :-) ) हे नाव ठेवलं विल्यम हेन्री साइक्स नावाच्या इंग्रजाने, १८३२ साली.

हा साइक्स मुळात कंपनी सरकारचा फौजी. खडकीच्या लढाईत, १८१७ साली, पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला. मराठी येत होतं. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमलं. म्हणजे आमच्या भाषेत डेटावाला. पुणे, नगर, खानदेश, धारवाड फिरायचं आणि माणसं, पिकं, जमिनीचे हक्क, हवामान सगळं नोंदवायचं. पक्षी हा त्याचा जोडधंदा.

आणि मग डिसेंबर १८२९ मध्ये खर्च कमी करायचा म्हणून सरकारने ते पदच रद्द केलं! प्रोजेक्ट बंद, परत पलटणीत या. हे वाचलं आणि मला हा माणूस एकदम जवळचा वाटला. माझंही एक दीड वर्षाचं काम एका मीटिंगमध्ये असंच बंद झालं होतं. मी चार दिवस कुरकुर करून नव्या टीममध्ये गेलो. साइक्सने मात्र रजा काढली आणि जानेवारी १८३१ पर्यंत काम पुरं केलं. पुढच्या वर्षी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. त्यात ५६ पक्षी नवीन म्हणून मांडले होते. त्यातली काही नावं पुढे टिकली नाहीत, पण बरीच टिकली. सह्याद्रीतल्या काळ्या बुलबुलाला गणेशा, एका चंडोलाला देवा, एका घुबडाला इंद्राणी आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या एका चिमुकल्या वटवट्याला रामा.

गंमत पुढेच आहे. पद रद्द झालं तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. आणि एका करड्या, मोठ्या सातभाईला साइक्सने नाव दिलं माल्कमी. साहेबाला खूश करायला दिलं की आणखी कशाला, देव जाणे. पण हा पक्षी दिवसभर कळपाने कलकलाट करतो एवढं सांगतो.

त्याच काळातला एक आकडा मला अधूनमधून आठवतो. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगरच्या आसपास मॅन्सफील्ड नावाच्या एकाच शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारले. आज अख्ख्या देशातल्या जंगलात दीडशेसुद्धा उरले नाहीत. मारले ते वाईटच, पण मोजले म्हणून निदान कळलं तरी काय गेलं ते.

आमच्या जुन्या सोसायटीत एक काका होते. बँकेतून रिटायर झाल्यावर रोज टेकडीवर. दोनशे पानी वहीत तारीख, वेळ, पक्षी. पहिला थिरथिरा कधी आला, शेवटचा कधी दिसला, आणि नाही दिसला तर तेही. मी दर वेळी म्हणायचो, "काका, वह्या द्या ना, एक्सेलमध्ये टाकतो." ते म्हणायचे, "टाक रे, सवडीने टाक." २०१४ मध्ये काका गेले. मी तेव्हा ऑनसाइट होतो. परत आलो तोवर बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती. काकूंना भेटून वह्यांचं विचारलं. "अरे, सामान हलवताना रद्दीत गेल्या. कुणी मागितल्याच नाहीत बघ."

चौदा वर्षांच्या नोंदी होत्या. माझ्याकडे फक्त एका पानाचा मोबाईलवर काढलेला धूसर फोटो आहे, मार्च २००९ चा. "२३ : थिरथिरा नाही. २४ : नाही. २५ : नाही."

असो. शनिवारी घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून वही घेतली. पहिली ओळ : थिरथिरा, नर, एक, खाणीपाशी, ७.१०.