न पुसली जाणारी रेघ

गेल्या शनिवारी सकाळी बाबांचा फोन. "अरे, फायलीत एक रेघ आलीय. मी काढलेली नाही. आणि काही केल्या पुसली जात नाहीये."

बाबा म्हणजे सरकारी कचेरीतले तीस वर्षांचे टंकलेखक. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आहेत. स्वतः टाइप करतात, चौसष्ट पानं झाली आहेत. मी गेलो, अख्खी फाईल सिलेक्ट केली, परिच्छेदाचं सगळं फॉरमॅटिंग साफ करणारी कळ दाबली. रेघ गायब! सेव्ह केलं, फाईल बंद केली, चहा घेतला आणि शर्यत जिंकल्यासारखा घरी आलो.

संध्याकाळी पुन्हा फोन. "रेघ गेली रे. पण माझी शीर्षकं सगळी डावीकडे जाऊन बसली." प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक मधोमध, प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत... दोन महिन्यांची मेहनत मी एका कळीसरशी झाडून टाकली होती. फाईल बंद केल्यामुळे अंडूचाही उपयोग नव्हता. "राहू दे, करेन परत," बाबा म्हणाले. ते 'राहू दे' फार लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला एक रेघ नीट पुसता येऊ नये? म्हणून मग ही रेघ मुळात आली कुठून, ते बघायला बसलो.

टाइपरायटरवर हा प्रश्नच नव्हता. १९५५ साली गोदरेजनं पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. अशा यंत्रांवर ज्यांचे हात तयार झाले त्यांच्यासाठी रेघ म्हणजे ओळीनं मारलेले डॅश. जिथे ठोका पडला तिथे शाई. खोडायची तर तिथेच खोडायची. सुरुवातीच्या संगणकांवरही फार वेगळं नव्हतं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात चौकटींचे तुकडे होते. एकेरी रेघ, दुहेरी रेघ, कोपरे. पण तीही अक्षरंच! बॅकस्पेस मारला की एक तुकडा गेला.

गोष्ट बदलली ती मजकुराचं 'रूप' कुठे साठवायचं या प्रश्नावर. १९८० च्या दशकात गाजलेल्या वर्डपरफेक्टमध्ये ठळक, तिरपं वगैरेचे कोड मजकुराच्या ओघातच पेरलेले असत. 'रिव्हील कोड्स' ची कळ दाबली की ते समोर दिसत. नको असलेला कोड पकडायचा आणि उडवायचा. जुने वापरकर्ते आजही या सोयीची आठवण काढून उसासे टाकतात.

दुसरा रस्ता झेरॉक्स पार्कमधून निघाला. १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी तिथे ब्राव्हो हा एडिटर बनवला. त्यात परिच्छेदाचं रूप हा त्या परिच्छेदाचा गुणधर्म होता. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टला गेले, १९८३ मध्ये वर्डची पहिली आवृत्ती आली, आणि हा विचारही तिकडे गेला. वर्डमध्ये परिच्छेदाच्या शेवटी उलट्या 'पी' सारखी एक खूण असते, एरवी लपलेली. त्या परिच्छेदाचं समास, मांडणी, बॉर्डर हे सगळं गाठोडं त्या खुणेला बांधलेलं असतं.

म्हणजे बॉर्डर ही मजकुराखाली काढलेली रेघ नव्हेच. साडीला वरून शिवलेली लेस उसवता येते, पण काठ विणतानाच आलेला असतो. तो उसवायला गेलात तर साडीच फाटायची. मी नेमकं तेच केलं होतं.

आता यातली खरी गंमत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वर्डमध्ये 'टाइप करता करता फॉरमॅट' करायची सोय आली. नव्या ओळीवर तीन डॅश मारून एंटर दाबा, बारीक रेघ. तीन अंडरस्कोअर, जाड रेघ. तीन बरोबरची चिन्हं, दुहेरी. तीन फुल्या, ठिपक्यांची. ओपनऑफिसमध्येही हीच युक्ती होती, आणि तिच्यातून निघालेल्या लिब्रेऑफिसमध्ये ती आजही आहे. हेतू चांगलाच होता. सवयीनं डॅश ठोकणाऱ्या माणसाला म्हणायचं, घ्या, ही सुबक रेघ. पण ही अदलाबदल गुपचूप होते. तुमची तीन अक्षरं जातात आणि वरच्या परिच्छेदाला काठ लागतो. बाबा प्रकरण संपलं की तीन डॅश मारतात. तीस वर्षांची सवय! मग रेघेखालची रिकामी ओळ पुसून उपयोग काय? रेघ तिथे नाहीच.

बरं, वरच्या परिच्छेदाच्या शेवटी जाऊन एंटर मारला तर रेघ एक ओळ खाली सरकते. कारण नवा परिच्छेद जुन्याचा काठ वारशानं घेऊन येतो, आणि सारख्या काठाचे शेजारी परिच्छेद एकच गट धरले जातात. रेघ फक्त गटाच्या तळाला दिसते. बाबांना वाटलं, मशीनच बिघडलं.

याच्या उलट २००४ मधलं जॉन ग्रुबरचं मार्कडाउन बघा. तिथेही तीन डॅश म्हणजे रेघ. पण फाईलमध्ये ते तीन डॅश तसेच राहतात. पुसले की रेघ गेली. वस्तू वस्तूच राहते.

तर मंडळी, वर्डमध्ये अशी रेघ उमटली तर लगेच कंट्रोल-झेड. रेघ जाते, तुमचे डॅश परत येतात. उशीर झाला असेल तर रेघेच्या वरच्या परिच्छेदात कर्सर ठेवा आणि होम टॅबवरच्या बॉर्डर्स बटणातून 'नो बॉर्डर' निवडा (२००३ किंवा त्याआधीचं वर्ड असेल तर फॉरमॅट मेनूत 'बॉर्डर्स अँड शेडिंग'). फक्त तोच परिच्छेद, अख्खी फाईल नव्हे! कायमचं बंद करायचं तर ऑटोकरेक्टच्या पर्यायांत 'बॉर्डर लाइन्स' ची खूण काढा.

रविवारी पुन्हा गेलो. लपलेल्या खुणा दाखवून बाबांना सगळं समजावलं आणि दोघांनी मिळून चौसष्ट पानं नीट केली. दुपारचे तीन वाजले. शेवटी विचारलं, "बाबा, ती ऑटोमॅटिक रेघ चालू ठेवू? आता काढता येते तुम्हाला."

"नको," बाबा म्हणाले. "मला माझे तीन डॅशच बरे. मी मारलेत, मला दिसतात."

खूण काढली. सेव्ह केलं. या वेळी बाबांना विचारून.

असो. चू. भू. द्या. घ्या.