वाराणसी : निष्कासन आणि मध्यस्थी

घर, दुकान किंवा बसण्याची जागा सोडावी लागणारी व्यक्ती आणि ती सोडायला लावणारा पक्ष (घरमालक, विश्वस्त संस्था, महापालिका, रेल्वे, राज्य शासन) यांच्यात निकालाऐवजी तडजोडीने मार्ग काढण्याच्या वाराणसीतील रीती आणि यंत्रणा. या कामासाठी शहरात एकच एक सेवा नाही. बिरादरीची पंचायत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, भाडे प्राधिकारी, पथविक्रेत्यांची नगर समिती आणि मोठ्या प्रकल्पाच्या वेळी खुद्द जिल्हा प्रशासन, अशा निरनिराळ्या दारी ते चालते. प्रत्येक दारी वेगळा कागद मागतात. मध्यस्थी कोणाच्या वाट्याला येते हे बहुतांशी त्या कागदावर ठरते. म्हणून या नोंदीत कागदपत्रांना अधिक जागा दिली आहे.

पूर्वेतिहास : घरांवरून झालेल्या सामूहिक वाटाघाटीचे सर्वांत तपशीलवार दप्तर १८१०-११ सालचे आहे. तो प्रसंग निष्कासनाचा नव्हता, घरपट्टीचा होता. परंतु शहराने शासनाशी घराच्या हक्कावरून बोलणी कशी केली याचा इतका भरघोस पुरावा नंतरच्या काळात सापडत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८१० च्या पंधराव्या विनियमाने घरे व दुकाने यांवर कर बसवला. डिसेंबरमध्ये बनारसची दुकाने बंद झाली आणि लोक घरे सोडून शहराबाहेर उघड्यावर जाऊन बसले. हंगामी मॅजिस्ट्रेट बर्ड याने जमावाचा आकडा वीस हजारांहून अधिक दिला आहे. पुढाकार लोहारांचा होता. न्हावी, शिंपी, कहार, विणकर अशा एकेका जातीने आपापल्या पंचायतीमार्फत काम थांबवले. अंत्यविधी करणारे मिळेनात म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडावी लागली, असे बर्डच्या अहवालात आहे. जानेवारी १८११ मध्ये सरकारने धार्मिक वास्तू आणि गरिबांची घरे करातून वगळली. तेवढ्याने भागले नाही. शेवटी बनारसचे राजे उदितनारायण सिंह मध्ये पडले, जमाव पांगला, माफीचा अर्ज सरकारकडे गेला आणि १८१२ मध्ये तो विनियमच रद्द झाला. राजांना तटस्थ मध्यस्थ म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच, कारण त्यांची गादी कंपनीच्या मर्जीवर होती. हे सारे दप्तर धरमपाल यांनी १९७१ मध्ये ‘सिव्हिल डिसओबिडियन्स अँड इंडियन ट्रॅडिशन’ या ग्रंथात छापले.

मराठी वस्ती : दुर्गाघाट, ब्रह्माघाट व पंचगंगा या परिसरात. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी येथील जागा कोळ्यांकडून विकत घेऊन घाट बांधले, अशी माहिती मिळते. विश्वनाथाचे सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधविले. त्याभोवतीच्या गल्ल्यांचे पुढे काय झाले, ते खाली पाहावे.

बिरादरीच्या पंचायती : मदनपुरा, अलईपुरा, रेवडी तालाब इत्यादी मोहल्ल्यांतील अन्सारी विणकरांच्या पंचायती ‘बावनी’, ‘बाईसी’, ‘चौदहों’, ‘पांचों’ अशा नावांनी ओळखल्या जातात, प्रमुखास सरदार म्हणतात. अगहनी जुम्याची सामूहिक नमाज आणि ‘मुर्री बंद’ म्हणजे हातमाग थांबवणे, हे निर्णय पंचायत जाहीर करते. भावाभावांतील वाटणी आणि शेजाऱ्यांची कुरबुर तिच्यापुढे येते. विणकराच्या घरात माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे खोली गेली की राहणे आणि कमावणे दोन्ही एकदम जाते. हे सरदाराला समजावून सांगावे लागत नाही, न्यायालयात मात्र ते पुराव्याने मांडावे लागते. निवाडा तोंडी असतो आणि त्याचे बळ बिरादरीच्या सीमेपर्यंतच. घरमालक बाहेरचा असला की पंचायतीचा उपयोग संपतो.

भाडेकरू कायदा : उत्तर प्रदेशात १९७२ चा तेरावा अधिनियम सुमारे पन्नास वर्षे लागू होता. किमान चार महिन्यांचे भाडे थकले आणि नोटीस मिळाल्यावर एका महिन्यात ते भरले नाही, तर कलम २० खाली दावा लावता येई. मालकाची स्वतःची खरी गरज किंवा इमारत मोडकळीस आल्यामुळे पाडून नवी बांधण्याची गरज ही कारणे कलम २१ मध्ये होती. दुसऱ्या कारणाने बाहेर पडलेल्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागेसाठी अर्ज करता येई. या कायद्यातील दोन तरतुदी वाराणसीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. सार्वजनिक धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या इमारती पुढे त्यातून वगळण्यात आल्या. मठ, आखाडे आणि न्यास यांच्या मालकीची घरे असंख्य असलेल्या शहरात यामुळे कित्येक भाडेकरूंचे संरक्षण एका ओळीने गेले; त्यांना बाहेर काढायला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील तीस दिवसांची नोटीस पुरे. दुसरी तरतूद पागडीची. कलम ४ ने पागडी घेण्यास मनाई केली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने (कलम ५६) पागडीचा व्यवहार कायदेशीर मानला, त्यामुळे मुंबईचा भाडेकरू पुनर्विकासाच्या बोलण्यांत पागडीची पावती पुढे करू शकतो. वाराणसीच्या भाडेकरूने आजोबांच्या वेळी दिलेली रक्कम बैठकीत सर्वांना ठाऊक असते, पण ती कोणी कागदावर घेत नाही.

२०२१ च्या नव्या भाडेदारी अधिनियमाने लेखी करार आवश्यक ठरवला, थकबाकीची मर्यादा दोन महिन्यांवर आणली आणि वाद भाडे प्राधिकाऱ्याकडे व त्यावर भाडे न्यायाधिकरणाकडे सोपवले. वेग हे त्याचे उद्दिष्ट आहे. तडजोडीला लागणारा वेळ मात्र जुन्या कायद्याच्या दिरंगाईतूनच मिळत असे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वीस वर्षे चाललेल्या दाव्यात मालक आणि भाडेकरू दोघेही थकून समझोत्याला येत. सर्वोच्च न्यायालयाने ॲफकॉन्स प्रकरणात (२०१०) घरमालक-भाडेकरू वाद मध्यस्थीस योग्य म्हटले; विद्या द्रोलिया प्रकरणात (२०२०) भाडे नियंत्रण कायद्याखालील वाद लवादाकडे नेता येत नाहीत असे ठरवले. मध्यस्थाला वाट मोकळी, लवादाला बंद.

जर्जर भवने : मोडकळीस आलेल्या इमारतींना महापालिका १९५९ च्या नगर निगम अधिनियमातील कलम ३३१ खाली नोटीस देते. घाटापासून २०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर कडक निर्बंध असल्याने दुरुस्तीसाठीही विकास प्राधिकरणाचे उंबरठे झिजवावे लागतात. मालकाला इमारत जर्जर ठरलेली हवी असते, भाडेकरूला नको असते, आणि भिंत दोघांचीही वाट पाहत नाही. ६ ऑगस्ट २०२४ रोजी विश्वनाथ मंदिरालगतच्या खोवा गल्लीत दोन जुनी घरे कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला.

काशी विश्वनाथ धाम : वाटाघाटीने घरे रिकामी करण्याचे शहरातील सर्वांत मोठे उदाहरण. २०१८ च्या अधिनियमाने विशेष क्षेत्र विकास परिषद स्थापन झाली, ८ मार्च २०१९ रोजी कोनशिला बसली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. या टप्प्याचा खर्च सुमारे ३३९ कोटी रुपये. वास्तुरचना बिमल पटेल यांची. पूर्वी सुमारे ३,००० चौरस फूट असलेला मंदिर परिसर सुमारे ५ लाख चौरस फुटांचा झाला. मंदिर आणि गंगा यांच्यामधील लाहोरी टोला, सरस्वती फाटक, नीलकंठ या भागांतील तीनशेहून अधिक मिळकती घेण्यात आल्या. दुकानदार, भाडेकरू व घरमालक मिळून सुमारे १,४०० जणांचे पुनर्वसन सामोपचाराने झाले आणि संपादनाविषयी एकही दावा प्रलंबित नाही, असे केंद्र शासनाने उद्घाटनाच्या वेळी जाहीर केले.

पद्धत अशी : २०१३ च्या भूसंपादन अधिनियमातील सक्तीचा मार्ग मुख्यतः बाजूला ठेवून आपसी सहमतीने एकेक मिळकतीचे खरेदीखत करायचे. एका घरात मालकी चार भावांची, तळमजल्यावर दुकान, मधल्या मजल्यावर जुना भाडेकरू, अंगणात शिवलिंग आणि त्याचा सेवेकरी, अशी स्थिती सर्रास. प्रत्येकाशी निराळी बोलणी. घरांच्या पोटातून चाळीसहून अधिक जुनी मंदिरे उघडी झाली. ती घरात असल्यामुळे झाकली गेली होती की जपली गेली होती, याविषयी दोन मते आहेत. स्वामी अविमुक्तेश्वरानंद यांनी २०१८ मध्ये पाडकामाविरुद्ध मंदिर बचाव आंदोलन उभारले. दाव्यांची शून्य संख्या ही संमतीचे माप मानावी का, यावरही एकमत नाही. प्रक्रियेच्या दृष्टीने एवढे नोंदवता येते की खरेदीदार शासन, दर सांगणारे शासन आणि भावांमधले भांडण मिटवून सह्या घेणारेही शासनाचेच अधिकारी. तिसरा कोणी टेबलाशी नव्हता. ज्याच्या नावे काही ना काही कागद होता त्याला या पद्धतीत चांगली बाजू मिळाली. विक्रीखत, भाडेपावती, वीजबिल यांपैकी काहीच नसलेला पोटभाडेकरू मोजणीतच येत नाही.

जुलै २०२१ मध्ये ज्ञानवापी मशिदीच्या व्यवस्थापनाने सुमारे १,७०० चौरस फूट जागा प्रकल्पाला देऊन १,००० चौरस फूट जागा बदल्यात घेतली. हा अदलाबदलीचा करार समझोत्याचा नमुना म्हणून येथे नोंदवला आहे. त्या परिसराविषयीचे इतर वाद न्यायप्रविष्ट आहेत.

राजघाट : गांधी-विनोबांच्या विचाराने चालणाऱ्या सर्व सेवा संघाच्या (स्थापना १९४८) परिसराचा वाद. १९६०, १९६१ व १९७० च्या खरेदीखतांनी ही जमीन रेल्वेकडून घेतली, असे संघाचे म्हणणे. रेल्वेने ती खते अमान्य केली. जून २०२३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी रेल्वेच्या बाजूने निर्णय दिला, २२ जुलैला परिसर रिकामा करण्यात आला आणि १२ ऑगस्टला इमारती पाडण्यात आल्या. ११ सप्टेंबर २०२४ पासून, म्हणजे विनोबांच्या जयंतीपासून, संघाने तेथे शंभर दिवसांचा सत्याग्रह केला. १९६० मध्ये विनोबांपुढे चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली होती. त्या परंपरेतील संस्थेच्या स्वतःच्या घरासाठी मात्र मध्यस्थ उभा राहिला नाही. कागद होता, त्याच्या खरेपणावरच वाद होता, आणि अशा वादात मध्यस्थीला फारसा वाव नसतो.

विधी सेवा व मध्यस्थी अधिनियम : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखालील लोकअदालतीतला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका बंधनकारक असतो व त्यावर अपील नाही. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण तेथे नेता येते. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमाने सामुदायिक मध्यस्थीला प्रथमच कायद्यात जागा दिली (कलमे ४३ व ४४) : वस्तीतील शांतता व सलोखा बिघडण्याचा संभव असलेला वाद, दोन्ही पक्षांची पूर्वसंमती, प्राधिकरणाकडे अर्ज आणि तिघा मध्यस्थांचे मंडळ. मंडळावर समाजात मान असलेली व्यक्ती, रहिवासी संघाचा प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेली व्यक्ती असे लोक घेता येतात. मात्र येथे झालेला समझोता हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. भाडेकरूच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे : लोकअदालतीत ‘सहा महिन्यांनी जागा सोडीन’ असे लिहून दिले तर सातव्या महिन्यात बेलीफ येऊ शकतो, सामुदायिक मंडळापुढे मालकाने ‘सहा महिने राहू देईन’ असे लिहून दिले तर ते मोडल्यास नव्याने दावा. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी अधिनियमाची जी कलमे प्रथम अंमलात आली त्यांत ही दोन नव्हती. महाराष्ट्रात २००७ पासूनची तंटामुक्त गाव मोहीम याच जातीची, पण ती गावांपुरती.

पाडकामापूर्वीची नोटीस : १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा दिवसांची नोटीस व प्रत्यक्ष सुनावणी सक्तीची केली. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि नदी वा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामे यांना हे संरक्षण नाही. वाराणसीच्या नकाशावर हे अपवाद ठेवून पाहिले तर घाट, राजघाटची रेल्वेकडेची वस्ती आणि वरुणा नदीचा काठ, म्हणजे जेथे पाडकामाचा धोका अधिक तीच ठिकाणे, बाहेर पडतात.

पथविक्रेते : २०१४ च्या अधिनियमानुसार हटविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस, नगर पथविक्रय समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, तक्रार निवारण समितीचे अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी. प्रमाणपत्राविना बसणाऱ्याला यातले काही लागू होणे कठीण. घाटावरील घाटिये (घाटावर बसणारे पंडे) आणि मल्लाह (नावाडी) यांचे जागेचे हक्क रूढीने चालत आले आहेत. त्यांचे आपसांतले तंटे ते आपसांतच मिटवतात.

दालमंडी : चौकाजवळील या बाजारगल्लीच्या रुंदीकरणासाठी २०२५ मध्ये पाडकाम सुरू झाले.

बेघर : दर लाख लोकसंख्येमागे एक आश्रयगृह (स्थानिक बोलीत रैन बसेरा) असावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. ज्याला सोडायला जागाच नाही त्याच्यासाठी वाटाघाटीत दुसरा पक्ष उरत नाही. तरीही दाद मागायची झाल्यास विधी सेवा अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्री, बालक आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.