क्वांटम झीनो परिणाम

क्वांटम झीनो परिणाम : एखाद्या क्वांटम प्रणालीचे मापन अगदी थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा केल्यास तिचे अवस्थांतर मंदावते, क्वचित थांबल्यासारखे होते, त्या घटनेचे नाव. ते बैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन यांच्या १९७७ च्या शोधनिबंधामुळे रूढ झाले. उडता बाण प्रत्येक क्षणी एकाच जागी असतो, तर मग तो सरकतो कधी, हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ झीनोचा; त्यावरूनच हे नाव.

कारण गणितात आहे. अवस्था बदलण्याची संभाव्यता आरंभी काळाच्या नव्हे, काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका कालखंडाचे दहा तुकडे करून प्रत्येकाच्या शेवटी मापन केले, तर दर तुकड्यातील संभाव्यता शंभरावा हिस्सा उरते. दहांची बेरीज केवळ एकदशांश. कण मूळ अवस्थेत सापडला की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

पहिला ठळक प्रयोग १९९० मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे वेन इटानो, डेव्हिड वाइनलँड व सहकाऱ्यांनी केला. सापळ्यात धरलेल्या सुमारे ५,००० बेरिलियम आयनांवर २५६ मिलिसेकंद रेडिओलहरी सोडल्या, की सगळे आयन खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जात. मधूनमधून अतिनील लेसरचे झोत टाकले जात; हेच मापन. खालचा आयन त्यात चमके, वरचा अंधारात राही. साध्या सूत्राप्रमाणे २ झोतांनी निम्मे, ४ झोतांनी ३७.५ टक्के आणि ६४ झोतांनी ४ टक्क्यांहूनही कमी आयन वर पोहोचायला हवेत. झोतांचे इतर परिणाम धरून केलेल्या हिशेबाशी निरीक्षणे चांगली जुळली.

‘पाहिल्याने कण थिजतो’ हे लोकप्रिय वर्णन फसवे आहे. झोतांच्या प्रकाशाकडे कोणी पाहिले नसते तरी आयन खालीच राहिले असते. अडवणूक लेसरची, नजरेची नव्हे. तरंगफलनाचा निपात, म्हणजे मापनाच्या क्षणी प्रणाली एकाएकी एकाच अवस्थेत येणे, न मानताही हे निष्कर्ष मिळतात, असे लेस्ली बॅलेंटाइन यांनी १९९१ मध्ये दाखवले.

किरणोत्सारी अणुकेंद्र मात्र किरणोत्सार मोजणारे यंत्र शेजारी ठेवल्याने टिकत नाही, कारण वर्गाचा नियम तेथे अत्यल्प काळच चालतो. उलट, मापनांतील अंतर योग्य निवडल्यास क्षय वेगावतो. हा प्रतिझीनो परिणाम आणि मूळ परिणाम, दोन्ही मार्क रेझन यांच्या ऑस्टिन येथील गटाने २००१ मध्ये प्रकाशलहरींच्या जाळीतून निसटणाऱ्या थंड सोडियम अणूंवर पाहिले.