इंचांनी मोजलेले शस्त्र

अंगावर झाकून नेता येईल असे आखूड शस्त्र महाराष्ट्रात रिव्हॉल्वरच्या कितीतरी आधीपासून होते. बिचवा, कट्यार, जंबिया ही कमरेची हत्यारे. वरून साधी काठी दिसणाऱ्या पात्याला लोकांनी ‘गुप्ती’ म्हटले, त्यामुळे तिचे काम नावातच उघड झाले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या भेटीला जाताना बिचवा आणि वाघनख जवळ ठेवले होते, आणि आखूड शस्त्राचा महिमा मराठी मनात त्या प्रसंगाने कायमचा ठसला. कोकणातल्या शेतकऱ्याची कोयतीही कमरेलाच असते, पण ती आकडीला उघडी लटकते आणि कोणी तिला भीत नाही. शस्त्र किती धारदार आहे यापेक्षा ते दिसते की दडते, यावर त्याच्याविषयीची समजूत ठरत आली आहे. पुढे आलेल्या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी हीच समजूत आहे.

दारूगोळ्याची हत्यारे समुद्रावरून आली आणि येताना आपली नावेही घेऊन आली. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, ‘तमंचा’ तुर्कीतून फारसीच्या वाटेने आला, आणि ‘रिव्हॉल्वर’ हा इंग्रजी शब्द सर्वांत शेवटी येऊन जसाच्या तसा राहिला. रत्नागिरीची मांडवी ही या वाटेवरचीच जागा. मांडवी म्हणजे बंदरावर उतरलेल्या मालाची जकात घेण्याचे ठिकाण. १८२२ मध्ये जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून रत्नागिरीला आले. त्यानंतर माल तपासणारे बंदर आणि परवाने देणारी कचेरी एकाच गावात नांदू लागली. मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे व सामान पडावातून धक्क्याला लागे. खिशात मावणारी वस्तू किनाऱ्यावर उतरवणे किती सोपे आहे, हे जकातीच्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

सॅम्युएल कोल्टने फिरत्या नळकांड्याच्या हत्याराचे अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये घेतले. त्याआधीचा तमंचा एकदा उडाला की पुन्हा ठासावा लागे. कोल्टच्या पहिल्या हत्यारात मात्र प्रत्येक बारासाठी घोडा अंगठ्याने ओढावा लागे. १८५१ मध्ये रॉबर्ट अॅडम्सने इंग्लंडमध्ये नुसता चाप ओढून घोडा उठेल आणि पडेल अशी रचना केली. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने धातूच्या काडतुसावर चालणारे छोटे रिव्हॉल्वर बाजारात आणले. ठासणी, दारूची पुडी आणि टोपी यांची कटकट संपली, आणि हत्यार भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस खिशात ठेवणे सोपे झाले. खिशातल्या रिव्हॉल्वरचा खरा आरंभ येथून धरावा लागतो. १८७२ मध्ये वेब्लीचे ‘बुलडॉग’ आले. अडीच इंचांची नळी, पाच गोळ्या आणि आकाराच्या मानाने जाड काडतूस असलेल्या या नमुन्याच्या नकला अनेक देशांत निघाल्या. १८८७ मध्ये स्मिथ अँड वेसनने घोडा पूर्णपणे आत झाकलेले रिव्हॉल्वर काढले, कारण बाहेर आलेला घोडा खिशातून हत्यार काढताना कापडात अडकतो. लहान रिव्हॉल्वर निवडताना आजही जे मुद्दे पाहिले जातात ते असे एकोणिसाव्या शतकातच पुढे आले होते.

भारतात हे हत्यार कोणी बाळगावे, हे मात्र दुकानात ठरले नाही. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरण सुरू झाले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्र कायदा आला. देशी वृत्तपत्रांचा कायदा त्याच वर्षीचा, आणि बंदरांचा सागरी सीमाशुल्क कायदाही त्याच वर्षीचा. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, विकणे आणि समुद्रमार्गे आणणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र नियमांनी सूट दिली होती. इंग्रज अधिकाऱ्याला बुलडॉग खिशात घालून हिंडता येई. त्याच्याच कचेरीतल्या देशी कारकुनाला त्यासाठी परवाना लागे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला. मागणीमागे हौस नव्हती, एका अख्ख्या समाजावर लादलेल्या अविश्वासाचा तो निषेध होता. वंशावर बेतलेली सूट १९२० च्या नियमांनी गेली.

लपवता येणाऱ्या हत्याराची सरकारला एवढी धास्ती का वाटत होती, हे रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासातच दिसते. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर मुंबईला पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे खेड तालुक्यातल्या आयनी गावचे. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सावरकरांना जन्मठेपेच्या दोन शिक्षा झाल्या. अंदमानानंतर १९२१ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात आले, आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध राहिले. ब्राउनिंग हे रिव्हॉल्वर नव्हे. त्यात गोळ्या मुठीतल्या पेटीत एकावर एक बसतात, त्यामुळे ते चपटे असते आणि कोटाखाली फुगवटा दिसत नाही. रिव्हॉल्वरचे नळकांडे हा त्याचा सर्वांत जाड भाग, आणि कितीही छोटे केले तरी तो लपवणेच अवघड. उलट एखादे काडतूस फुसके निघाले तर पिस्तूल अडून बसते, आणि रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे यांनी गोळ्या झाडल्या, त्या रिव्हॉल्वरने. हॉटसन बचावले. अशा प्रत्येक घटनेनंतर परवान्याची चौकशी कडक होत गेली.

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा कायदा रद्द होऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अंमलात आला. वंशभेद उरला नव्हता, पण आखूड शस्त्राविषयीची शंका उरली. कायद्याच्या तेराव्या कलमात ती सरळ इंचांत लिहिली आहे. २० इंचांहून आखूड नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली, तर आक्षेपाचे कारण नसताना अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असे ते कलम म्हणते. इतर शस्त्रांसाठी अर्जदाराजवळ सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. रिव्हॉल्वर या दुसऱ्या वर्गात येते.

या एका भेदाने कोकणातल्या शस्त्रांचे चित्र ठरवले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रानडुकरे भाताची शेते उकरतात, वानर आणि माकडे नारळ, आंबा, काजू आणि परसातले भाजीपाल्याचे वाफे उद्ध्वस्त करतात. त्यामुळे शेतीसंरक्षणाची बंदूक हा येथील गावगाड्याचा ओळखीचा भाग झाला. वडिलांच्या नावावरची ठासणीची बंदूक मुलाच्या नावावर करून घेण्यासाठी कचेरीत खेटे घालणे, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करणे आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करणे, हे सगळे त्यात आले. ही बंदूक कोणापासून लपत नाही. ती खांद्यावर असते आणि कोणाच्या घरात आहे हे वाडीला माहीत असते. कोकणातले परवान्याचे प्रातिनिधिक शस्त्र कोणते असे विचारले तर हीच बंदूक दाखवावी लागेल. रिव्हॉल्वर येथे नेहमी थोड्यांचेच राहिले.

त्या थोड्यांची निवडही कायद्याने आखूनच दिली. १९६२ च्या नियमांच्या अनुसूचीने .३८० आणि .४५५ ची बुडाला कड असलेली काडतुसे तसेच लष्करी ९ मिलिमीटरची काडतुसे बसू शकतील अशी सगळी पिस्तुले आणि रिव्हॉल्वर प्रतिबंधित वर्गात टाकली. सैन्याचा आणि पोलिसांचा दारूगोळा खासगी हत्यारात चालू नये, हा त्यामागचा हेतू. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ उरले. त्याचे मूळ १८९६ च्या स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसात आहे. त्याची नेहमीची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची असते, तर अमेरिकेत खिशातल्या रिव्हॉल्वरसाठी रूढ झालेल्या .३८ स्पेशलची सुमारे दहा ग्रॅमची. तिकडे १९२७ मध्ये कोल्टचे दोन इंची ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आणि १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ आले, आणि निवडीची चर्चा नळी, वजन व पकड यांभोवती फिरू लागली. येथे चर्चा सुरू होण्याआधीच गोळीचा व्यास ठरलेला होता. खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यावर नवे हत्यार हवे असेल तर कानपूरच्या आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्वर हा जवळजवळ एकच मार्ग राहिला. सहा गोळ्यांचे, मधोमध मोडून भरायचे हे रिव्हॉल्वर वेब्लीच्या वळणाचे होते आणि वजनाला सुमारे ७०० ग्रॅम. आयात बंद होण्याआधीच्या जुन्या विलायती रिव्हॉल्वरना म्हणूनच मोठी किंमत येऊ लागली.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरने ‘निर्भीक’ आणले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे रिव्हॉल्वर म्हणून त्याची ओळख करून दिली गेली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे हे हत्यार वजनाला सुमारे ५०० ग्रॅम आणि किमतीला १,२२,३६० रुपये होते. रस्त्यावर एकटीने जाणाऱ्या, जिवावर बेतण्याची सर्वाधिक भीती असलेल्या बाईला ही किंमत परवडणारी नाही, ही त्या वेळची टीका रास्तच होती. तांत्रिक बाजूनेही वजन कमी करणे फुकट पडत नाही. हलके हत्यार हाताला जोरात धक्का देते, आखूड नळीवर नेम धरायला अंतर कमी मिळते, आणि घोडा अंगठ्याने न उठवता ओढलेला जड चाप नेम हलवतो. .३२ च्या सौम्य काडतुसामुळे यातला धक्का तेवढा सुसह्य होतो.

मांडवीसारख्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे गंज. खारा वारा, पावसाळ्याचे चार महिने आणि अंगाचा घाम यांपुढे काळ्या पोलादावरचा लेप फार टिकत नाही. चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते, म्हणून त्यात महिनोन्‌महिने ठेवलेले शस्त्र आतूनच खराब होते. जुन्या खिशातल्या रिव्हॉल्वरवर निकेलचा मुलामा देण्याची चाल शोभेसाठी होती तशीच गंजापासून बचावासाठीही होती. दमट हवेत टायटॅनियमचा फायदा वजनापेक्षा येथेच अधिक आहे.

झाकून नेण्याची गोष्ट शेवटी कायद्याच्या पुस्तकातही आली. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर म्यानात किंवा तशाच साधनात, पूर्णपणे झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात ठेवूनच न्यावे लागते. ते मिरवणे आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे यांना मनाई आहे. परवान्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेण्याची अटही याच नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. रत्नागिरीत .३२ च्या रिव्हॉल्वरचा अर्ज आजही जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातो. तो पोलिसांच्या चौकशी अहवालासह तपासला जातो, आणि त्यात सबळ कारणाचा रकाना भरावा लागतो.